बीड, पत्रा, जर्मन : जुनी गाडी सुटी होते तेव्हा

भंगाराच्या दुकानात ‘बीड’ म्हणजे जिल्हा नव्हे आणि ‘जर्मन’ म्हणजे परदेशी पाहुणा नव्हे. बीड म्हणजे ओतीव लोखंड : ब्रेकचे ड्रम, जुन्या इंजिनांचे ब्लॉक, असला ठणठणीत माल. जर्मन म्हणजे ॲल्युमिनिअम. पत्रा म्हणजे पत्राच, पण त्याचा भाव बीडापेक्षा निराळा. शिवाय तांबं, पितळ, शिसं. भंगारवाला वस्तू हातात घेतो, वजन जोखतो, शंका आली तर लोहचुंबक लावून बघतो आणि ती त्या-त्या ढिगात फेकतो. जुनी गाडी मोडण्याचं सगळं शास्त्र या एका कृतीत आहे. आपल्याकडे तांदूळ निवडतात, भाजी निवडतात, तशी गाडी निवडायची असते.

हे माझ्या डोक्यात आलं ते मामांमुळे. मामा एसटीत हिशोबनीस होते. त्यांची मारुती ८०० तीन पावसाळे पार्किंगमध्ये उभी होती, टायर बसलेले, बॉनेटवर चिंचेचा पाला. एके दिवशी कागद-पेन्सिल घेऊन म्हणाले, “गाडीचं वजन साडेसहाशे किलो. लोखंडाचा आजचा भाव काय चाललाय ते सांग, गुणाकार मी करतो.”

मामांचा गुणाकार कधी चुकत नाही, पण मांडणीतच दोन घोटाळे होते. साडेसहाशे किलो वजन सगळं लोखंडाचं नसतं, हा पहिला. गाडीत लोखंड-पोलाद साधारण दोन तृतीयांश ते सत्तर टक्के; म्हणजे मामांच्या गाडीत साडेचारशे किलोच्या आसपास. उरलेल्यात ॲल्युमिनिअम, तांबं, बॅटरीतलं शिसं, काच, रबर, प्लॅस्टिक, सीटचा फोम आणि निरनिराळी तेलं. दुसरा घोटाळा मोठा आहे. लोखंडात दुसरं काही मिसळलेलं राहिलं, तर त्याला लोखंडाचा भाव मिळत नाही. आणि मिळाला, तरी त्याची किंमत पुढे कुणीतरी मोजतंच.

ती कशी, हे समजायला तांब्याची गोष्ट बघावी लागेल.

भट्टीत पोलाद वितळलं की त्यातली बरीचशी घाण ऑक्सिजन सोडून काढता येते. कार्बन, सिलिकॉन, मँगनीज यांना ऑक्सिजनची ओढ लोखंडापेक्षा जास्त असते. ते आधी जळतात आणि वायूत किंवा मळीत निघून जातात. तांब्याचं उलट आहे. त्याला ऑक्सिजनची ओढ लोखंडापेक्षा कमी. तांबं जाळायला जावं तर आधी लोखंडच जळून जाईल. म्हणून पोलादात एकदा तांबं विरघळलं की ते कारखान्याच्या नेहमीच्या पद्धतीने बाहेर निघत नाही. आमटीत मीठ जास्त पडलं तर काढता येत नाही, पाणी वाढवावं लागतं. तसं इथे भंगारात ताजं लोखंड, म्हणजे स्पंज आयर्न, वाढवत न्यावं लागतं.

आणि तांबं राहिलं तर बिघडतं काय? पोलाद तापवून लाटतात तेव्हा पृष्ठभागावरच्या लोखंडाचा गंज होऊन त्याची खपली धरते. तांबं मात्र गंजत नाही, ते खपलीखाली साठत जातं. तांबं वितळतं १०८५ अंशांना आणि लाटणीचं तापमान बहुधा त्याच्या वर असतं. मग हे वितळलेलं तांबं पोलादाच्या कणांमधल्या फटींत झिरपतं आणि रुळांखालून जाताना पत्र्याला चिरा पडतात. गाडीच्या दरवाजासाठी लागणाऱ्या खोल दाबाच्या पत्र्यात तांबं ०.१ टक्क्याच्याही खाली लागतं. बांधकामाच्या सळईला ०.४ टक्क्यांपर्यंत खपून जातं.

आता मामांची पेन्सिल घ्या. साडेचारशे किलो पोलादात ०.१ टक्का म्हणजे ४५० ग्रॅम. एक स्टार्टर मोटर (गॅरेजच्या भाषेत ‘सेल्फ’), एक डायनामो, वायपरची मोटर, पंख्याची मोटर आणि सगळीकडे पसरलेलं वायरिंग. यातलं अर्धा किलो तांबं आत विसरलं, की सगळ्या गाडीचं पोलाद एका पायरीने खाली उतरलं. नव्या गाड्यांत तर काचा मोटरने, आरसे मोटरने, सीटसुद्धा मोटरने हलतात. तिथे तांब्याचा आकडा वीस किलोच्या घरात जातो.

गाडीचा पत्रा पुन्हा गाडीचा पत्रा क्वचितच होतो, याचं एक मोठं कारण हे. बहुधा त्याची सळई होते, आणि महाराष्ट्रात सळई म्हटलं की जालना. तिथल्या कारखान्यांत भंगार आणि स्पंज आयर्न इंडक्शन भट्टीत वितळवून टीएमटी सळया काढतात. ही भट्टी वितळवण्यात पटाईत, शुद्ध करण्यात मात्र जेमतेम. आत जे टाकाल तेच बाहेर येणार. म्हणजे जालन्याच्या सळईची प्रत काही अंशी कुठल्यातरी शेडमध्ये पक्कड घेऊन बसलेल्या माणसाने ठरवलेली असते. त्याने वायरिंग ओढून काढलं, की घाईत कापून आत सोडलं?

तरीही भंगारापासून पोलाद करणं खाणीपासून करण्यापेक्षा कितीतरी फायद्याचं आहे. एक टन भंगार वापरलं की सुमारे १.४ टन लोहखनिज आणि पाऊण टनाच्या आसपास कोळसा वाचतो. ॲल्युमिनिअमचा फरक याहून मोठा. खनिजापासून नवं करण्याच्या मानाने जुनं वितळवायला पाच टक्के ऊर्जा पुरते. म्हणून जर्मनचा भाव चढा असतो.

शेडमध्ये गाडी आली की पहिलं हत्यार गॅस कटर नसतं. पहिला असतो दहा नंबरचा पाना, बॅटरीची निगेटिव्ह तार सोडायला.

त्यामागे कारण आहे. एअरबॅगच्या यंत्रणेत थोडी वीज साठवलेली असते, अपघातात बॅटरी तुटली तरी फुगा फुगावा म्हणून. बॅटरी सोडल्यावर ती उतरेपर्यंत काही मिनिटं थांबावं लागतं. फुगा फुगवणारी डबी म्हणजे छोटा सुरुंगच. जुन्या डब्यांमध्ये सोडिअम अझाइड नावाचं रसायन असे. ते अत्यंत विषारी. पण डबी उडाली की त्याचा बहुतेक निरुपद्रवी नायट्रोजन होतो. त्यामुळे उलटं गणित होतं : उडालेली एअरबॅग सुरक्षित, न उडालेली धोक्याची. म्हणून लांब तार जोडून, माणसं दूर करून ती जागच्या जागी मुद्दाम उडवतात. सीटबेल्ट आवळणाऱ्या यंत्रातही अशीच लहान डबी असते. तिचा मात्र पुष्कळांना पत्ता नसतो. मामांच्या गाडीत हे काहीच नव्हतं. मोडायला ती अगदी गरीब गाय.

मग एसीचा गॅस. हा दिसत नाही, वास येत नाही, सांडला तर कुणी ओरडत नाही. गेल्या वीसेक वर्षांतल्या बहुतेक गाड्यांत आर-१३४ए हा गॅस आहे आणि वातावरण तापवण्यात एक किलो आर-१३४ए सुमारे १४३० किलो कार्बन डायऑक्साइडच्या तोडीचा. लहान गाडीत तो ४०० ग्रॅम धरला, तर एक पाइप कापताच साधारण २५० लिटर पेट्रोल जाळल्याएवढं नुकसान एका ‘फुस्स’मध्ये होतं. मशीन लावून तो सिलिंडरमध्ये ओढून घ्यायला काही मिनिटं लागतात. रस्त्यावरच्या कटिंगमध्ये ती मिनिटं कुणी देत नाही, कारण त्याचे पैसे कुणी देत नाही.

पेट्रोलच्या टाकीबद्दल एक लक्षात ठेवण्यासारखी गोष्ट : भरलेल्या टाकीपेक्षा ‘रिकामी’ टाकी जास्त घातक. आत उरलेल्या वाफेत हवा मिसळलेली असते आणि तेच मिश्रण पेट घेतं. मुंबई-पुण्याच्या सीएनजी गाड्यांत तर २०० बारपर्यंत दाब सोसणारा सिलिंडर असतो, तो रिकामा झाल्याशिवाय गाडीला हात लावायचा नाही. पुढे इंजिन ऑइल, गिअर ऑइल, कूलंट, ब्रेक ऑइल, प्रत्येकाचं वेगळं पिंप. ही तेलं एकत्र केली की त्यांचा पुन्हा उपयोग संपला, वेगळी ठेवली तर जुन्या इंजिन ऑइलपासून पुन्हा तेल करता येतं. इथेही तेच, निवडणं. शॉकअपमध्येही तेल असतं. भोक पाडून तेही निथळावं लागतं.

बॅटरीच्या वजनात सगळ्यात मोठा वाटा शिशाचा, आणि पुन्हा वितळवून वापरण्यात शिशाएवढा आज्ञाधारक धातू नाही. जुन्या बॅटरीतून नवी बॅटरी, तिच्यातून पुन्हा नवी. अडचण एकच. हेच काम गल्लीतल्या उघड्या भट्टीत केलं, तर शिशाची वाफ आणि धूळ आधी त्या कामगाराच्या अंगात जाते, मग शेजारच्या पोरांच्या. शिसं मुलांच्या मेंदूला बाधतं आणि झालेली हानी भरून येत नाही. बॅटरी दोनशे रुपये जास्त देणाऱ्याला विकायची की नोंदणी असलेल्याला, हे ठरवताना एवढं आठवावं.

इथवर आलेली गाडी निर्धोक झाली. आता खरी कमाई : सुटे भाग.

कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर ज्यांनी पाय ठेवलाय त्यांना वर्णन नको. दरवाजांच्या रांगा, हेडलाइटच्या भिंती, गिअरबॉक्सचे ढिगारे. दिल्लीची मायापुरी, चेन्नईचं पुदुपेट, कोलकात्याचा मल्लिक बाजार ही त्याचीच भावंडं. आणि गंमत अशी, की प्रीमियर पद्मिनी जन्मली तीही कुर्ल्यातच, प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कारखान्यात. मुंबईतल्या टॅक्सीला वीस वर्षांची वयोमर्यादा. शेवटच्या पद्मिनी टॅक्सीची मुदत ऑक्टोबर २०२३ मध्ये संपली. ज्या उपनगरात गाड्या जोडल्या गेल्या, तेच उपनगर गाड्या सुट्या करण्यासाठी नावाजलं.

या बाजारांना नुसतं ‘चोरबाजार’ म्हणून झटकणं मला पटत नाही. एका गाडीचा दरवाजा दुसऱ्या गाडीला तसाच बसला, तर तो वितळवायला नको, लाटायला नको, रंगवायलाही नको. सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात स्वच्छ पुनर्वापर तोच. आणि कुठल्या मॉडेलचा आरसा कुठल्या वर्षापर्यंत कुणाला चालतो, ही माहिती तिथल्या उस्तादांच्या डोक्यात असते, ती कुठल्या संगणकात मिळायची नाही. त्यांचं चुकतं ते दोन ठिकाणी. तेल जमिनीत मुरतं आणि तांब्यासाठी वायरी जाळल्या जातात. त्यांच्यावरचं पीव्हीसी जळताना डायॉक्सिनसारखी विषं तयार होतात. वायर सोलायचं साधं यंत्र असलं तर जाळायची गरजच उरत नाही. मोठ्या स्क्रॅपिंग केंद्रांनी या माणसांना कामावर घ्यावं, त्यांच्या पोटावर पाय देऊ नये, असं माझं मत.

गिऱ्हाईक म्हणून जुना भाग घ्यायचा तर दरवाजा, आरसा, दिवा, काच, सीट, रेडिएटर खुशाल घ्या. एअरबॅग, सीटबेल्ट, ब्रेक पॅड, स्टिअरिंगचे भाग जुने घेऊ नयेत. त्यांनी आधी एक अपघात पाहिलाय की नाही, हे वरून कळत नाही.

एक छोटा पण महागडा भाग सायलेन्सरच्या वाटेवर असतो, कॅटॅलिटिक कन्व्हर्टर, म्हणजे धुरातले विषारी वायू कमी करणारा डबा. १९९५ मध्ये चार महानगरांतल्या नव्या पेट्रोल गाड्यांना तो सक्तीचा झाला. आत मधमाशीच्या पोळ्यासारखी बारीक भोकांची सिरॅमिकची वीट असते आणि तिच्या भिंतींवर प्लॅटिनम, पॅलॅडिअम, ऱ्होडिअमचा पातळ लेप. सगळा मिळून काही ग्रॅमच, पण धातू सोन्याच्या पंक्तीतले. परदेशात उभ्या गाडीखाली शिरून चोर हा भाग कापून नेतात, ते यासाठी. आपली गाडी भंगारात देताना हा डबा मूळचा आहे की बदललेला, हे बघितल्याशिवाय भाव ठरवू नका.

भाग निघून गेले की उरतो सांगाडा. तो दाबून चपटा करतात आणि मोठ्या यंत्रात टाकतात. आत गरगर फिरणारे जड हातोडे त्याच्या मुठीएवढ्या चिंध्या करतात. आता या खिचडीतून धातू वेगळे कसे काढायचे? इथे जे होतं ते आपल्या खळ्यावरचं आहे. आधी वारा : उफणणीत भूस उडून जातं आणि दाणा खाली पडतो, तसा जोराच्या हवेने फोम, कापड, हलकं प्लॅस्टिक उडतं. मग चुंबक लोखंड उचलतो. उरलेल्यात ॲल्युमिनिअम, तांबं, जड प्लॅस्टिक, काच, रबर. ॲल्युमिनिअमला चुंबक चिकटत नाही, पण वेगाने फिरणाऱ्या चुंबकांजवळून नेलं की त्याच्या अंगात वीज घुमते, तो स्वतःच क्षणभर चुंबक होतो आणि पट्ट्यावरून उडी मारून पलीकडच्या खान्यात पडतो. पहिल्यांदा बघणाऱ्याला ही जादू वाटते.

आणि भाताचं बियाणं? मिठाच्या पाण्यात टाकलं की पोचट दाणे तरंगतात, भरलेले तळाशी जातात. कोकणातल्या शेतकऱ्याला हे सांगायला नको. मोठ्या कारखान्यांत हेच पाण्यात जड भुकटी कालवून करतात : पाणी इतकं दाट करायचं की ॲल्युमिनिअम तरंगावं आणि तांबं बुडावं.

एवढं करूनही शेवटी एक ढीग उरतो. फोम, धूळ, रबराचे कण, कापडाचे धागे, रंगाच्या खपल्या, चुकार तारा. इंग्रजीत याला फ्लफ म्हणतात. मी भुसा म्हणतो. गाडीच्या वजनाचा पाचवा ते चौथा हिस्सा या भुशात जातो. त्याला गिऱ्हाईक नाही. म्हणून भुसा होण्याआधी जेवढं हाताने काढता येईल तेवढं बरं. बंपर काढून मागून बघा, ‘पीपी’ अशी इंग्रजी अक्षरं उठवलेली दिसतील. म्हणजे पॉलिप्रॉपिलीन, सुटं काढलं तर विकलं जाणारं. यंत्रात गेलं तर भुसा.

भुशाचा खर्च कोण देणार, यावर जपानने चलाख उत्तर काढलं. तिथे २००५ पासून गाडी विकत घेतानाच गिऱ्हाइकाकडून शुल्क घेतात, तीन गोष्टींसाठी : एसीचा गॅस, एअरबॅग आणि भुसा. म्हणजे ज्यांना भंगारात किंमत नाही, नेमक्या त्याच तीन. युरोपने २००० सालच्या कायद्यात गाडीच्या वजनाच्या ८५ टक्क्यांचा पुनर्वापर किंवा पुनर्चक्रण आणि जाळून मिळवलेल्या ऊर्जेसह एकूण ९५ टक्के वसुली, असं लक्ष्य घातलं. आपल्याकडे एप्रिल २०२५ पासून लागू झालेल्या नियमांनी गाड्या बनवणाऱ्यांवर जबाबदारी टाकली, ती मात्र मोजली पोलादात : पंधरा-वीस वर्षांपूर्वी विकलेल्या गाड्यांतल्या पोलादाचा सुरुवातीला ८ टक्के हिस्सा, पुढे टप्प्याटप्प्याने वाढता. सुरुवात चांगली आहे. पण पोलाद तर कुणीही आवडीने घेतो, त्याच्यासाठी नियम नसता तरी चाललं असतं. माप भुशाचं आणि गॅसचं हवं होतं.

मामांना यातलं निम्मं पटलं. मग त्यांनी मुद्द्याचं विचारलं, “पंधरा वर्षं झाली म्हणजे गाडी द्यावीच लागते ना?”

नाही. हा गैरसमज फार पसरलाय. दिल्ली परिसराचे निर्बंध वेगळे आहेत. इतरत्र खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांनी संपते, पण गाडी तपासणीत उत्तीर्ण झाली तर ती पाच-पाच वर्षांनी वाढवता येते. शुल्क मात्र वाढलंय (मोटारीसाठी सहाशेचे पाच हजार झाले एप्रिल २०२२ मध्ये) आणि महाराष्ट्रात पर्यावरण कर वेगळा. पंधरा वर्षांची सक्ती आहे ती सरकारी गाड्यांना, १ एप्रिल २०२३ पासून, आणि त्यात राज्य परिवहनाच्या बसही आल्या. हे ऐकून मामा जरा गप्प झाले.

द्यायचीच ठरली, तर सप्टेंबर २०२१ च्या नियमांनुसार नोंदणी झालेल्या स्क्रॅपिंग केंद्रात द्यावी. केंद्र आधी एनसीआरबीच्या (राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या) यादीत गाडी चोरीची तर नाही ना, हे बघतं. गाडी घेतल्यावर ‘सर्टिफिकेट ऑफ डिपॉझिट’ मिळतं. ते दाखवून नवी गाडी घेताना वाहन करात सूट मिळते. केंद्र सरकारच्या नियमात खासगी गाडीला २५ टक्क्यांपर्यंत, प्रत्यक्षात किती ते राज्य ठरवतं. नवी गाडी घ्यायची नसेल तर हे सर्टिफिकेट दुसऱ्याला विकताही येतं. धोरण जाहीर झालं तेव्हा भंगाराची किंमत नव्या गाडीच्या शोरूम किमतीच्या ४ ते ६ टक्के धरली होती. मामांच्या गुणाकाराचं उत्तर याच्या आसपासच यायचं.

गल्लीतल्या भंगारवाल्याने हजार-दोन हजार जास्त दिले तरी एक धोका राहतो. नोंदणी रद्द झाली नाही, तर कागदावर गाडी तुमचीच. अपघाताच्या भरपाईची जबाबदारी नोंदणीत ज्याचं नाव त्याच्यावर येते, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये स्पष्ट केलंय. तुमची नंबर प्लेट लावून दुसरीच गाडी फिरली, तर पोलीस आधी तुमच्या दाराशी.

देण्याआधीची कामं थोडकी आहेत. फास्टॅग बंद करा. विमा कंपनीकडून नो क्लेम बोनसचं पत्र घ्या. तो बोनस गाडीचा नसतो, मालकाचा असतो, आणि नव्या गाडीला लावता येतो. सीटखाली हात घाला. मामांच्या गाडीत सत्तावीस रुपयांची नाणी, एक चष्मा आणि मामींची हरवलेली जोडवी सापडली.

सगळ्यात शेवटी चासी नंबर. पत्र्यावर ठोकलेल्या त्या अक्षरांभोवतीचा तुकडा केंद्रात कापून घेतात, म्हणजे चोरीच्या गाडीवर तो पुन्हा चढवता येऊ नये. नियमाने तो काही महिने जपून ठेवावा लागतो. दरवाजे दुसऱ्या गाडीला लागतात, बॅटरीची बॅटरी होते, पोलाद जालन्यात सळई होऊन कुणाच्या तरी स्लॅबमध्ये जातं. एवढा वीतभर तुकडा मात्र चिठ्ठी लावून कपाटात पडून असतो.